पॅसेंजरसाठी झडप

फाटकबाबांना गल्लीतले सगळे फाटकबाबाच म्हणत. नव्याने राहायला आलेल्यांना ते आडनाव वाटे, आणि बाबाही ती समजूत दूर करायच्या भानगडीत पडत नसत. "आडनाव बापाकडून फुकट मिळतं, हे मी कमावलेलं आहे," म्हणत. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या एका आडबाजूच्या फाटकावर काढला होता. स्टेशनातून फोन खणखणला की चाक फिरवून दांडा खाली घ्यायचा, हिरवं निशाण धरून उभं राहायचं, गाडी जाऊ द्यायची, शेवटच्या डब्याच्या पाठीवरची खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच दांडा वर. "गाडी गेलीसं वाटणं निराळं आणि गाडी गेलेली बघणं निराळं," हे त्यांचं वाक्य घरात इतकं मुरलं होतं की शाळेत जाणारी नात दूध प्यायल्यावर कप उलटा करून दाखवायची.

पुढे नोकरी संपली, बायको गेली, आणि बाबा मुलाच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी एका खुर्चीत येऊन बसले. मुलगा कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा. सून कानांच्या दवाखान्यात होती. लहान मुलांना ऐकू येतं का, येत असेल तर किती, हे तपासायचं तिचं काम. सकाळी तिघं तीन दिशांना गेली की घरात उरत ते बाबा आणि मांजर.

मांजर आपण होऊन आली होती. राखाडी रंगाची, एका कानाचा कोपरा उडालेली. तिचं नाव बाबांनी पॅसेंजर ठेवलं. "एक्स्प्रेसचा रुबाब नाही हिच्यात," ते म्हणाले. "पाखरू दिसलं, थांब. माशी दिसली, थांब. काही नाही दिसलं तरी थांब. आणि उशीर झाला तर कारण सांगायचं नाही."

स्वयंपाकघराचं मागचं दार छोट्याशा अंगणात उघडायचं. दार जुनं, भरीव लाकडाचं आणि फुगलेलं. वरची कडी बसत नसे म्हणून खाली जमिनीलगतची कडी लावायची. पॅसेंजरला बाहेर जायचं असलं की ती दारापाशी बसून एकच सूर काढी. बाबा गुडघ्यावर हात रेटून उठत, काठी घेत, टेबलाच्या कडेला धरत दाराशी जात, वाकून कडी काढत. मांजर गेली की शेपटाचं टोक उंबऱ्यापलीकडे गेलेलं बघत आणि मगच दार लावत. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बाहेरून तोच सूर. "ही बया अप आणि डाऊन एकाच रुळावर चालवते," असं पुटपुटत पुन्हा उठत. दिवसभर हेच.

सुनेला हे बघवत नसे. तिचा स्वभावच काळजीचा. मुलीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की तिला आधी रस्त्यावरचे सगळे ट्रक आठवायचे आणि मग शाळेचा फोन नंबर. नवरा चेष्टा करायचा, "तुझं काळजीचं दुकान बरं, कधी सुट्टी नाही." ती म्हणायची, "गिऱ्हाइकं तुम्हीच देता ना सगळी."

आणि एक दिवस दुकानात खरोखरीचा माल आला. कडी काढायला वाकलेले बाबा तोल जाऊन पडले. हाड मोडलं नाही, पण कमरेखाली काळंनिळं झालं, आणि उठता येईना म्हणून सून घरी येईपर्यंत ते तसेच जमिनीवर, दाराला पाठ लावून बसून राहिले होते. मांडीवर पॅसेंजर.

"काही नाही गं पोरी," ते म्हणाले. "गाडी जरा सिग्नलला थांबली होती."

डॉक्टरांनी मात्र थट्टा केली नाही. पुन्हा असं पडलात तर खुबा जाईल, म्हणाले, आणि या वयात खुबा गेला की माणूस अंथरुणाचा होतो. सुनेने ते शब्द घरी आणले आणि उशाशी घेऊन झोपली. सकाळी उठली ती ठरवूनच. दाराला मांजरासाठी झडप बसवायची. मांजरीने आपलं आपण जावं, आपलं आपण यावं, आणि बाबांनी खुर्चीतून उठू नये.

"बाबा, तुमचं काय म्हणणं?" तिने विचारलं.

"लावा की. चांगलंच आहे."

तेव्हाच तिच्या कानांनी तिला टोचायला हवं होतं. दवाखान्यात एखाद्या आईला सांगावं, मुलाला यंत्र लावावं लागेल, आणि तिने पटकन 'चालेल' म्हणावं, तसा तो आवाज होता. पण घरात आल्यावर तिचे कान दवाखान्यातच राहत.

पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात एक ठसकेबाज बाई होत्या. त्यांनी झडप दाखवण्याऐवजी प्रश्नच सुरू केले. "दार किती जाड? मांजरीच्या खांद्यांची रुंदी? उभी असताना पोट जमिनीपासून किती वर?"

"मध्यम मांजर आहे हो," सून म्हणाली.

"सगळ्यांची मध्यमच असते. आणि मग अडकली की माझ्या नावाने शंख. अहो, झडपेची खालची कड मांजरीच्या पोटाच्या जरा खाली यायला हवी. फार वर लावली तर तिला उडी मारावी लागते, फार खाली लावली तर सरपटावं लागतं. मापं घ्या आणि या."

माप घ्यायला टेप काढला तर पॅसेंजरने तो टेप म्हणजे साप ठरवला आणि उताणी होऊन चारही पायांनी त्याच्याशी कुस्ती मांडली. नवऱ्याच्या हातावर दोन ओरखडे उठले. शेवटी बाबांनीच काठी जमिनीवर उभी टेकवली. पॅसेंजर आली, काठीला अंग घासत उभी राहिली, आणि बाबांनी तिच्या पोटाच्या उंचीला काठीवर नखाने खूण केली. "घ्या, फलाटाची उंची," म्हणाले.

दुकानात तऱ्हा अनेक होत्या. नवऱ्याला बॅटरीवाली हवी होती. तिच्यात मांजरीच्या मानेतली चिप ओळखून झडप आपोआप सुटायची, परका बोका आत यायला नको. सुनेला लगेच प्रश्न पडला की बॅटरी संपली आणि मांजर बाहेर राहिली तर? मग कडेला मऊ रबर लावलेली एक होती, वारा न येऊ देणारी, पण तिचं झाकण काळंकुट्ट. तिचा फोटो घरी दाखवला तर बाबा म्हणाले, "ही नको. पलीकडचं दिसायला पाहिजे. पलीकडचं दिसत नाही ते फाटक कसलं?" म्हणून पारदर्शक झाकणाची, खाली लोहचुंबक असलेली साधी झडप आली. तिला एक फिरवायचा खटका होता. नुसतं आत, नुसतं बाहेर, दोन्हीकडून, आणि पूर्ण बंद. बाबांनी तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. "अरे, हा तर सिग्नलच आहे," म्हणाले, आणि कितीतरी वेळ ती वस्तू मांडीवर धरून बसले.

सुतार आला. त्याने दारावर पेन्सिलीने चौकट आखली आणि म्हणाला, "वहिनी, एकदा विचार करा. दाराला भोक पाडणं म्हणजे बोलून गेलेला शब्द. परत घेता येत नाही."

"पाड बाबा," फाटकबाबाच म्हणाले. "सुधारणा आहे ही. सुधारणेला आडवं जाऊ नये." कापून निघालेला लाकडी तुकडा त्यांनी चहाचा कप ठेवायला मागून घेतला.

आणि मग पॅसेंजरची शाळा सुरू झाली.

पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच सगळं केलं. पहिल्यांदा झडप वर उचलून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवून ठेवली, म्हणजे नुसतं मोकळं भोक. पलीकडे बशीत मासळीचा तुकडा. पॅसेंजर आली, भोकासमोर बसली, मासळीकडे एकदा बघितलं, शेपूट पायांभोवती गुंडाळलं आणि तशीच बसून राहिली. नात अंगणात पालथी पडून "ये ना गं, ये ना गं" करून दमली. नवऱ्याने मागून हलकेच ढकललं, तर मांजरीने चार पाय चार दिशांना फाकवून चौकटीत रोवले.

"ही मांजर नाही, टेबल आहे," तो म्हणाला. "कुठेतरी काहीतरी सैल असणार हिच्यात." जे चालत नाही त्यात काहीतरी सैल असतं, अशी त्याची श्रद्धा होती.

मग त्याने स्वतः ओणवं होऊन भोकातून डोकं बाहेर काढून दाखवलं. कुंपणापलीकडे शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "काय भाऊजी, वहिनींनी दार उघडलं नाही वाटतं?" त्या दिवसापासून त्याने हे प्रात्यक्षिक बंद केलं.

बाबांना सक्त ताकीद होती की उठायचं नाही. त्यांनी उठून दार उघडलं तर मांजर कशाला शिकेल? हुकूम पाळण्यात तर त्यांचा जन्म गेलेला. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खुर्चीत बसून राहत. दिवसा मांजरीसाठी वाळूचा ट्रे ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी तिला उचलून अंगणात सोडी आणि उचलून आत आणी. बाकी वेळ पॅसेंजर झडपेसमोर बसलेली आणि बाबा खुर्चीत बसलेले.

"आजोबा, तुम्हाला सुट्टी लागली का?" नातीने एकदा विचारलं.

"लागली ना."

"किती दिवसांची?"

"ते साहेबांना विचारायचं राहिलं," बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात कधीतरी चहा पिताना ते सुनेला सांगत होते. त्यांच्या फाटकावर आपोआप उतरणारा दांडा बसवला तेव्हा साहेबांनी त्यांना काही काळ तिथेच ठेवलं होतं. यंत्र अडकलं तर हाताशी माणूस असावा म्हणून.

"मग अडकलं का कधी?"

"छे. घड्याळासारखं चालायचं. मी आपला टपरीत बसून बघायचा. एकदा तरी अडकावं असं वाटायचं मला. मग वाटायचं, काय माणूस आहेस तू! ते अडकलं तर कोणीतरी मरेल." त्यांनी कप लाकडी तुकड्यावर ठेवला. "वाईट वाटायचं गं. पण दुसऱ्या दिवशी परत वाटायचंच."

सुनेने ऐकलं आणि "असतं हो बाबा," म्हणून कप धुवायला घेतला.

मांजर शिकेना, आणि इकडे दुसरंच काहीतरी होऊ लागलं. बाबा खुर्चीतून उठताना आधी नुसता श्वास सोडत, आता दोनदा झोके घ्यावे लागत. मग एक दिवस त्यांनी हात पुढे केला, "दे गं जरा." मग ते रोजचंच झालं. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायला लागला. पायजम्यातून पोटऱ्या काड्यांसारख्या दिसायला लागल्या. सून घाबरून डॉक्टरांकडे धावली. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "दिवसभर काय करतात?"

"काही नाही. आम्ही त्यांना उठूच देत नाही," तिने थोडं अभिमानानेच सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, पडू नका म्हणालो होतो. उठू नका कधी म्हणालो?"

घरी येताना ती हिशेब मांडत होती. उठले तर पडतील, पडले तर अंथरूण. बसले तर पाय जातील, पाय गेले तर तेही अंथरूणच. इकडे आड तिकडे विहीर. ती संध्याकाळी बाबांना म्हणाली, "चला, अंगणात दोन फेऱ्या मारू." बाबा म्हणाले, "कशाला? काही काम आहे का तिकडे?" बिनकामाचं चालणं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. दोन दिवस तिच्या समाधानासाठी चालले, तिसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणाले.

दवाखान्यात तिच्यापुढे त्या सुमारास एक लहानगी यायची. अशा मुलांना 'आवाज आला की सांग' म्हणून भागत नाही. त्यांच्या हातात लाकडाचा ठोकळा द्यायचा, तो गालाशी धरायला शिकवायचा, आणि कानातल्या फोनमधून आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. आधी मोठा आवाज, मग हळू, मग आणखी हळू. ही मुलगी दोन वेळा रडून परत गेली होती. त्या दिवशी मात्र तिला खेळ समजला. ठोकळा गालाशी, डोळे कशावरच नाहीत, श्वास जणू अडकलेला, एक बोट किंचित उचललेलं. ऐकण्यालाही एक चेहरा असतो. सून तो चेहरा शेकडो मुलांच्या तोंडावर ओळखत आली होती. काचेपलीकडून तिने बटण दाबलं, आणि ठोकळा टण्णकन डब्यात पडला.

घरी येऊन तिने पिशवी टेबलावर ठेवली. बाबा आतल्या खोलीत होते. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. पॅसेंजर नेहमीसारखी झडपेसमोर. कान पुढे, डोळे कशावरच नाहीत, पुढचा एक पंजा जमिनीवरून किंचित उचललेला.

सून जागच्या जागी थबकली. ही घाबरलेली नाही. ही मठ्ठही नाही. ही ऐकतेय.

पण काय? तिने हलकेच शीळ घातली. काही नाही. बशीवर चमचा वाजवला. मांजरीने शेपटाचं टोक हलवलं, 'कळतंय गं, पण ते नव्हे' असं. जिभेने चकचक केलं, टाळी वाजवली. काही नाही. तेवढ्यात आतल्या खोलीत बाबा चष्मा काढायला कपाटापाशी गेले असावेत. आधी लाकडावर बोटाचं पेर आपटल्याचा आवाज आला, टक् टक्, आणि मग कपाट करकरलं.

पॅसेंजर अर्धी उठली. कान आतल्या खोलीकडे वळला, परत दाराकडे आला. मग ती पुन्हा बसली. आवाज बरोबर होता, पण फाटक दुसरं होतं.

सुनेला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला विचारलं होतं, "तुझे बाबा कपाटाची परवानगी घेऊन कपाट का उघडतात?" फाटकाचा दांडा उचलायच्या आधी ते लोखंडी खांबावर दोनदा ठोकत. लोक दांड्याला टेकून उभे राहतात, पोरं वर बसतात, एकदम उचलला तर कोणाच्या तरी हनुवटीला लागायचा. ती खोड हातात राहिली ती राहिलीच. दार असो, खिडकी असो, डबा असो, आधी टक् टक्. घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते तशी ती टकटक घरातल्या कोणाला ऐकू येईनाशी झाली होती, सुनेच्या कानांनासुद्धा. एका पॅसेंजरला मात्र ती येत होती. इतकी वर्षं बाबा दाराच्या चौकटीवर दोनदा ठोकून मगच वाकायचे, आणि मांजर त्या खुणेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हे शिकून बसली होती. फाटकवाल्याची मांजर ती. सिग्नल मिळाल्याशिवाय जायची कशी?

सून दारापाशी गेली. चौकटीवर, बाबांचा हात पोचायचा त्या उंचीवर, बोटाच्या पेराने ठोकलं. टक् टक्.

पॅसेंजर उठली, डोक्याने झडप ढकलली आणि सरळ अंगणात गेली. झडप मागे आपटली, दोनदा हलली आणि चुंबकाला चिकटली.

संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ! म्हटलं नव्हतं, काहीतरी सैल आहे? आता सोपं आहे. तूच सांग, तुझ्या त्या पोरांसारखं. आज ठोकायचं, उद्या हळू, परवा नुसतं नख लावायचं..."

"आणि मग काहीच नाही," ती म्हणाली. "हो. येईल. थोड्या दिवसांत जाईल ती आपली आपण."

"झालं तर मग. उद्यापासून लाग."

तिने मान वळवली. मधल्या दारातून बाबा दिसत होते. खुर्चीत, मान कलंडलेली, हात गुडघ्यांवर. ती मनातल्या मनात मोजायला गेली की दिवसभरात पॅसेंजर किती वेळा आत-बाहेर करायची, आणि मोजणं सोडून दिलं. जेवढ्या वेळा पॅसेंजर, तेवढ्या वेळा बाबा. फिरायला चला म्हटलं की ज्यांचे पाय दुखतात ते बाबा, इतक्या वेळा, कोणी न सांगता.

"नाही लागणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मांजरीला नाही शिकवणार. बाबांना उठू दे."

"डोकं ठिकाणावर आहे ना? पडले म्हणजे?"

"पडले तर पडले, असं मी म्हणतेय असं वाटतं तुला? मी?"

काळजीच्या दुकानाच्या मालकिणीनेच असं विचारल्यावर चेष्टा करण्यात अर्थ नव्हता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला ते तसे जमिनीवर बसलेले आठवतात गं."

"मला पण. पण ते पडले कडी काढताना. वाकल्यामुळे. आता वाकायचं कुठे आहे? कडी लागलेलीच राहील. झडप आहे. त्यांनी फक्त जाऊन ठोकायचं." ती थांबली. "आणि खुर्चीपासून दारापर्यंत भिंतीला धरायला दांडा लावू. तरी पडू शकतात, माहीत आहे मला. तू काय समजतोस, मी दवाखान्यात बसून ऐकणार नाही ते रोज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांना सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना.

"मी ठोकतो? कधी?"

"बाबा, आत्ता चष्म्याची डबी उघडताना ठोकलंत."

त्यांनी हातातल्या डबीकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग झडपेसमोर बसलेल्या पॅसेंजरकडे. "म्हणजे ही इतके दिवस..."

"तुमची वाट बघत होती."

बाबांनी उठायला हात पुढे केला नाही. एक झोका घेतला, दुसरा घेतला, काठी रोवली. सुनेचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, ते तिने पदरात गुंडाळून मागे घेतले. टेबलाच्या कडेने, पाय ओढत, ते दाराशी पोचले. एक हात भिंतीवर. दुसऱ्याचं बोट मुडपून चौकटीवर टेकवलं आणि जरा थांबले. आता लक्ष देऊन ठोकायचं म्हटल्यावर त्यांना संकोच वाटत होता.

टक् टक्.

पॅसेंजर गेली. बाबा पारदर्शक झाकणातून शेपूट पूर्ण बाहेर पडेपर्यंत बघत राहिले. "गेली," म्हणाले. मग सुनेकडे न वळताच, "पोरी, खरं सांगू? ही शिकत नव्हती ना, मला बरं वाटत होतं."

"मला माहीत आहे बाबा."

"तुला कसं?"

"तुम्ही सांगितलं होतंत. मी कप धूत होते."

सुतार परत आला. "त्या खेपेला दाराला भोक, आता भिंतीला दांडा. पुढच्या खेपेला काय, छपराला शिडी?" असं म्हणत त्याने खुर्चीपासून चौकटीपर्यंत कमरेच्या उंचीवर गोल लाकडी दांडा बसवला, आणि स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. खुर्चीही बदलली, जरा उंच, हातांची. नात संध्याकाळी झडपेचा खटका 'नुसतं आत'वर फिरवून आजोबांकडे बघायची आणि ते म्हणायचे, "डाऊन लाइन बंद. शाबास."

काळजी गेली नाही. ती जाणारच नव्हती. दवाखान्यात काचेपलीकडे एखादं पोर ठोकळा गालाशी धरून बसलेलं असताना सुनेच्या मनात मधूनच घरचं दार येई. पण बाबांनी हात पुढे करणं आधी कमी झालं आणि मग थांबलं, हे तिने पाहिलं होतं. वाटलं नव्हतं, पाहिलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सून पुढच्या खोलीत मुलीच्या फ्रॉकचं बटण लावत होती. स्वयंपाकघरातून पॅसेंजरचा सूर आला. तिची सुई थांबली. उठावं, बघावं, असं वाटलं, आणि ती बसून राहिली. खुर्चीचा एक झोका, मग लगेच काठी. दांड्यावरून तळहात सरकल्याचा कोरडा आवाज. पाय. पाय. मग जरा शांतता, जिच्यात तिचा श्वास अडकून राहिला.

टक् टक्.

झडप वाजली. "गेली," बाबा पॅसेंजरला, स्वतःला, कोणालातरी म्हणाले. सुनेने सुई तशीच धरून ठेवली. अजून परतीचा प्रवास व्हायचा होता. पाय, दांडा, पाय, काठी. आणि शेवटी खुर्ची करकरली. तेव्हा कुठे तिने दोरा ओढला.

तोच बाहेरून सूर आला.

"आलो गं बाई," बाबा म्हणाले. "जरा दम खाऊ देशील की नाही?"